दुकान वाढवलं

जून संपत आला की इथे ओमानात बिदियाच्या रस्त्याला पिवळ्या खजुरांनी भरलेले पिकअप दिसायला लागतात आणि मला लाज वाटायला लागते. खजूर बघून कसली लाज, असं कुणीही विचारेल. आमचे हे तर दरवर्षी विचारतात. दुक्मच्या रिफायनरीत पंधरा-पंधरा दिवस काढून घरी येतात, गाडीत शेजारी बसतात, आणि असा एखादा पिकअप पुढे निघून गेल्यावर मी गप्प झाले की म्हणतात, "झालं! आला वाटतं तुझा हंगाम." मी त्यांना गाणी लावायला सांगते.

परवा मात्र शेजारी गार्गी होती. माझी लेक. पुण्याला कॉलेजात असते, सुट्टीला आलीय. पिकअप दिसला तशी तिनेच काच खाली केली. बाहेर एवढं ऊन की काच खाली करणं म्हणजे भट्टीचं दार उघडणं, पण मी ती उघडीच राहू दिली. आत वास आला, उकळत्या खजुरांचा, गोडसर, थोडा करपट, त्यात झावळ्यांचा धूर. कुठल्यातरी बागेत हंडे चढले होते. "आई, तोच ना गं हा वास?" ती म्हणाली. मी म्हटलं, हो, तोच.

आपल्याकडे वाण्याकडून खारीक आणताना ती कुठून येते याचा मी कधी विचार केला नव्हता. डिंकाच्या लाडवात घालायची, ओटीत घालायची, पूजेला सुपारी-बदामाशेजारी मांडायची, संपलं. तर ती इथूनही येते. इथे मब्सली नावाचा खजूर होतो. तो मऊ व्हायच्या आधी, पिवळा आणि कडक असतानाच उतरवतात, मोठाल्या तांब्याच्या हंड्यांत उकळतात आणि आठवडाभर उन्हात पसरतात. सुरकुतून लालसर झाला की खारीक. इथले लोक ती फारशी खात नाहीत. ती पोत्यांत भरून आपल्याकडे जाते, पूर्वी गलबतांतून जायची.

हे सगळं मला शिकवलं दाऊदचाचांनी. मस्कतमध्ये मत्राच्या बाजारात आतल्या गल्लीत त्यांचं खारकेचं दुकान होतं. दापोलीजवळच्या खाडीकाठच्या गावातून विशीत आले ते सत्तरी उलटेपर्यंत इथेच. चाची आणि लेकी गावाला. अरबी बोलायचे ते अरबांसारखं, हिंदी मुंबईसारखी, आणि मराठी अशी की ऐकताना मला खाडीवरचा वारा लागायचा. मला "बाय" म्हणायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा कुठली, कुणाची, असं सगळं विचारून घेतलं आणि मूठभर खारका हातावर ठेवल्या. "खा गो बाय. तुमच्या पुण्याला जातात त्यातल्याच, पन पयल्या नंबरच्या."

चांगली खारीक ते डोळ्यांनी ओळखायचे नाहीत. दोन खारका घेऊन कानाजवळ एकमेकींवर आपटायचे. टक. असा कोरडा आवाज आला की माल वाळला. आवाज बसका आला की म्हणायचे, "अजून दोन दिवस उनात टाक." बिदियाचे बागवाले त्यांच्या वडिलांच्या वयाचे असोत की नातवाच्या, चाचांचा कान म्हणजे कायदा. यल्ला, पसरा परत.

तो 'टक' ऐकूनच जेफ्रीने चाचांवर फिल्म करायचं ठरवलं.

जेफ्री हा इंग्लंडमधला माहितीपट करणारा माणूस. मला तो भेटला तेव्हा सत्तरीच्या आसपास, उंच, वाकलेला, पायात कायम त्याच धुळकट चपला. त्याला अरबी, हिंदी आणि मराठी येणारं, शिवाय गाडी चालवणारं कुणीतरी हवं होतं. रुवीतल्या एका ऑफिसात मी भाषांतराचं काम करते, तिथून कुणीतरी माझं नाव सुचवलं. मला वाटलं, कॅमेरे, दिवे, पंधरा माणसं असतील. आला एकटाच. एक कॅमेरा, एक माइक, एक स्टूल. मी मनात म्हटलं, कपाळ माझं, हा कसला फिल्मवाला!

त्याची कारकीर्द त्याच्याच तोंडून गाडीत तुकड्या-तुकड्यांनी कळत गेली. उत्तर इंग्लंडमधल्या मासेमारीच्या गावात जन्म. पहिली फिल्म आपल्याच गावातल्या जाळी विणणाऱ्या बायकांवर. मग खाणीतले मजूर, दीपगृहाचे रखवालदार, मेंढ्या राखणारी म्हातारी भावंडं, घंटा ओतणारे कारागीर. चाळीसेक वर्षं तो अशाच माणसांकडे गेला, ज्यांचं काम त्यांच्याबरोबर संपणार होतं. तिशीत एकदा दुसऱ्याच्या फिल्मसाठी ओमानला आला होता, तेव्हा त्याने खारकेचे हंडे पाहिले होते. "तेव्हा मला वाटलं, परत येईन," तो म्हणाला. "यायला वेळ लागला." आता टीव्हीवाल्यांना त्याच्या फिल्मा नको होत्या. फार हळू असतात म्हणे. ही शेवटची, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, जसं आपण सांगतो की आज भाजीला वांगी आहेत.

त्याचे दोन नियम होते. पहिला असा की त्याच्या फिल्ममध्ये निवेदन नसायचं. मागून कुणी शहाणा बोलणार नाही. माणूस जे बोलला तेच, आणि खाली त्याचंच इंग्रजी. "चाळीस वर्षांत मी कुणाच्या तोंडात शब्द घातलेला नाही," हे वाक्य मी त्याच्याकडून निदान चारदा ऐकलं. चित्रीकरण चालू असताना मी मध्ये भाषांतरही करायचं नाही. त्याला तेव्हा शब्द नको असायचे. तो चेहरा बघत बसायचा. शब्द नंतर, कागदावर.

दुसरा नियम मला आधी वेडपणा वाटला. कुठेही काम संपलं की तो सगळ्यांना हात वर करून थांबवायचा आणि एक मिनिट नुसती शांतता ध्वनिमुद्रित करायचा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे, संकलन करताना तुकडे जोडायला ती लागते. पण हे झालं कामापुरतं. त्याने त्या सगळ्या शांतता जपून ठेवल्या होत्या. जाळ्यांची माडी, पाऊस. खाण, दुपारची सुट्टी. दीपगृहाचा जिना. "माणसं गेली," तो म्हणाला, "पण त्यांच्या खोल्या माझ्याकडे आहेत." मी गाडी चालवत होते. मी एसी वाढवला.

तो उन्हाळा मी आयुष्यात विसरणार नाही. पहाटे निघायचं, उजाडताना बिदियाला पोचायचं. माडासारखी उंच खजुराची झाडं, त्यांवर दोर टाकून चढणारी माणसं, खाली ताडपत्रीवर धबाधबा पडणारे घोस. बायका बसून देठ काढायच्या. हंड्यांखालच्या चुली रात्रीची राख झाडून परत पेटायच्या आणि पाणी उकळलं की टोपल्यांतून खजूर आत. पिवळा रंग आधी उजळायचा, मग मंद व्हायचा. चाचा हंड्याशी उभे, डोक्याला पंचा, घामाने निथळत. जेफ्री स्टुलावर. मधे मी, छत्री धरून, छत्री कुणावर धरायची या विवंचनेत. दहा वाजता सावलीत बसून काळी कॉफी आणि ताजे खजूर. चाचा त्याला म्हणायचे, "साहेब, खा. खाल्ल्याबिगर पिच्चर कशी निघनार?" जेफ्रीला एक अक्षर कळायचं नाही, पण तो खायचा.

दोघंही एकाच वयाचे. दोघंही कानाने जगलेले. मला त्या दोघांचा फार लळा लागला होता.

मुलाखत दुकानात झाली, हंगामाच्या शेवटी. गल्लीत दुपारची सामसूम. पोती छतापर्यंत रचलेली, वर पंखा, गल्ल्यामागे चाचा. जेफ्रीने नेहमीप्रमाणे काही विचारलं नाही, कॅमेरा लावून बसून राहिला. चाचा बरंच बोलले. गलबतावर आजारी पडून कसे आले, पहिल्या वर्षी भाषा कशी येत नव्हती, चाचीचं पत्र यायला महिना कसा लागायचा. मग थांबले. तराजूचं पारडं बोटाने सरळ केलं. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"ह्या हंगामाबरोबर दुकान वाढवलां मी."

रोज संध्याकाळपुरतं नाही, कायमचं. ज्यांच्या नावावर दुकानाचा परवाना होता ते जुने अर्बाब गेल्या थंडीत वारले होते. मुलं भली होती, पण त्यांना तिथे कॉफीचं दुकान घालायचं होतं. चाचांचे गुडघे गेलेले. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी ते ठरवून मोकळे झालेत हे मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. चाचीलाही नाही.

जेफ्रीने हात वर केला. एक मिनिट. पंखा, लांब कुठेतरी हातगाडीचं चाक. आणि चाचांनी नकळत, सवयीने, हातातल्या दोन खारका एकमेकींवर वाजवल्या. टक.

बाहेर पडताना चाचा मला हळूच म्हणाले, "साहेबाला आताच सांगू नको गो. घरी मी सांगतो, मंग. पिच्चरमध्ये येल तवा येल." मी मान हलवली. जेफ्रीला कागदावर कळेलच, मी मनात म्हटलं. कागद करायचा होता मीच.

आणि तो मी केला नाही.

आता ही माझी गोष्ट सांगते, लपवत नाही. जेफ्री इंग्लंडला परत गेला आणि त्याने सगळे आवाज मला पाठवले, प्रत्येक वाक्याचं इंग्रजी करायला. तासन्‌तास. ऑफिस, घर, माबेलाहून रुवीला जायचा-यायचा तो गाड्यांचा खच. गार्गी तेव्हा दहावीत होती. इथल्या भारतीय शाळेत मुलं आपापसात इंग्रजीच बोलतात. तिची मराठी म्हणजे आजीशी फोनवर "बरी आहे, जेवले, ठेवते." ती म्हणाली, "आई, मी करते ना थोडं. इट्स जस्ट टायपिंग." मला काय आनंद झाला! लेक मराठी ऐकेल, चाचांचं बोलणं कानावर पडेल. शेवटची मुलाखत मी तिला दिली. वर जेफ्रीला फुशारकीने लिहिलंसुद्धा, माझी मुलगी मदत करतेय, तिची मराठी उत्तम आहे. उत्तम! जिभेला काही हाड?

त्याचं उत्तर आलं: छान, पण तू प्रत्येक ओळ तपासशील ना? मी लिहिलं, अर्थात.

महिन्याभराने त्याचा आणखी एक मेल आला. तो मला तोंडपाठ आहे. त्याने एका वाक्याचा नंबर दिला होता आणि लिहिलं होतं: हे वाक्य आणि हा चेहरा मला जुळत नाहीत. पुन्हा एकदा ऐकशील? नेमके तेव्हा हे चार दिवसांसाठी दुक्महून आलेले. ओट्यावर पापलेटं, कुकरच्या शिट्ट्या, हे टीव्हीसमोर. मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, "काय गं, चाचांचं ते शेवटचं वाक्य नीट ऐकलंस ना तू?" ती म्हणाली, "दोनदा ऐकलं, आई." खोटं नव्हती बोलत पोरगी. तिने ऐकलं बरोबरच होतं. मी हात पुसले आणि फोनवर एका बोटाने उत्तर लिहिलं: तपासलं. बरोबर आहे.

चाळीस वर्षं त्या माणसाने चेहऱ्यावर विश्वास ठेवला होता. त्या एका वेळी त्याने माझ्या शब्दावर ठेवला.

फिल्म पुरी झाली. इंग्लंडमध्ये मोठ्या ठिकाणी दाखवायचं नक्की झालं होतं, पण त्याआधी ती मस्कतमध्ये दाखवायची, ज्यांची आहे त्यांनी पहिली बघायची, हाही त्याचा हट्ट. हिवाळा होता. एका क्लबचा हॉल घेतला. कोकणातली मंडळी आली, रत्नागिरी-रायगडवाले आले, आमच्या ओळखीची मराठी कुटुंबं आली. चाचांचं दुकान तोवर बंद होऊन दोन महिने झाले होते. ते गावी जायच्या तयारीत होते, या कार्यक्रमासाठी थांबलेले. पांढराशुभ्र सदरा, टोपी, अत्तर. पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसले. पलीकडे जेफ्री.

फिल्म सुंदर होती. हंडे, धूर, दोर टाकून चढणारी माणसं. बिदिया पडद्यावर बघताना मला ऊन लागलं. चाचा हरखून गेले होते. "तो बघ, तो बघ, मी!" असं म्हणून माझ्या हातावर चापट्या मारत होते. मग दुकान आलं. पंखा. पारडं सरळ करणारं बोट. पडद्यावरचे चाचा म्हणाले, "ह्या हंगामाबरोबर दुकान वाढवलां मी." आणि खाली पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत आलं: या हंगामात मी माझं दुकान आणखी मोठं केलं.

मागून कुणीतरी फिस्स केलं. "वाढवलं म्हणे!" कुणी म्हणालं. आणि मग सगळा हॉल हसला. वाईट हेतूने नाही. मजेशीर चूक दिसली की माणसं हसतात तसं हसले. ज्यांना मराठी येत होती ते सगळे हसले, म्हणजे जवळजवळ सगळेच.

चाचांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांचा चेहरा पडद्याच्या उजेडात मला स्वच्छ दिसला. ते मागे वळून बघत होते, या रांगेकडे, त्या रांगेकडे. मग माझ्याकडे वळले.

"बाय, का हसतात गो?"

पलीकडून जेफ्रीही माझ्याकडे बघत होता. त्याचाही प्रश्न तोच.

पडद्यावर मिनिटभराची शांतता चालू होती. त्याने ती तशीच ठेवली होती, त्या वाक्यानंतर. नंतर कळलं की त्या एका ओळीवर त्याने सगळा शेवट उभा केला होता. दुकान वाढत गेलं, माणूस घरी जायचा राहिला, असा. सुंदर होता तो, पण चाचांचा नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर लोक चाचांना भेटत होते, हात मिळवत होते. ते हसून हसून "शुक्रिया, शुक्रिया" म्हणत होते आणि त्यांची नजर कुणाच्याच डोळ्यांना भिडत नव्हती. मी जेफ्रीला बाहेरच्या व्हरांड्यात नेलं आणि सांगितलं. सगळं. की आमच्यात दुकान बंद केलं असं तोंडाने म्हणत नाहीत. दुकान बंद होणं अशुभ, म्हणून 'वाढवलं' म्हणायचं. नारळ फोडला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. बांगडी फुटली तर वाढली. जे संपतं त्याला आम्ही वाढलं म्हणतो. माझ्या मुलीला हे माहीत नव्हतं, कारण मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मी लिहिलं होतं तुला. तू ऐकलं होतंस परत?"

"नाही," मी म्हटलं.

तो काही बोलला नाही. बराच वेळ. ते मिनिट मी ओळखत होते, फक्त यावेळी हात वर केलेला नव्हता. त्याने आरडाओरडा केला असता, मला दोन शब्द सुनावले असते, तर मी त्याचे उपकार मानले असते. तो म्हणाला, "उद्या सकाळी त्यांच्याकडे जाऊ."

त्या रात्री गार्गी रडली. मी तिला सांगितलं, तुझी चूक नाही. तिला ते पटलं नाही आणि मलाही तिला आणखी कसं पटवावं ते कळलं नाही.

चाचांची खोली मत्रातच होती, जिन्याने दुसऱ्या मजल्यावर. दोरीने बांधलेली खोकी, चाचीसाठी घेतलेला मिक्सर, एका पिशवीत खारका. आम्ही जमिनीवर बसलो. मी त्यांना सगळं सांगितलं. ते एकटक बघत होते.

"म्हंजे ते मला नाय हसले?" ते म्हणाले. "लिवलेलां बघून हसले?"

"हो चाचा. माझ्यामुळे हसले. तुम्हाला कुणी हसलं नाही."

त्यांनी डोळे मिटले आणि "या अल्ला" म्हणून भिंतीला पाठ टेकली. रात्रभर त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, ते मला तेव्हा कळलं. पन्नासेक वर्षं ज्या लोकांत काढली ते आपलं दुकान बंद झालं म्हणून हसले, असं घेऊन ते झोपायला गेले होते.

जेफ्रीने मला विचारायला सांगितलं: फिल्म मी थांबवतोय. ती बदलीन. तिथे काय लिहू, ते तुम्ही सांगा. इंग्रजीत तुमच्या शब्दाला शब्द नाही. 'बंद केलं' लिहिता येईल, पण तुम्ही तसं म्हणाला नव्हता. मी तुमच्या तोंडात शब्द घालणार नाही.

चाचांनी खारकेची पिशवी जवळ ओढली. खाली गल्लीत कुणीतरी शटर वर केलं.

"माज्या बापाने दुकानाला कधी तो शब्द लावला नाय," ते म्हणाले. "मीपन नाय. रोज संध्याकाळी कुलूप लावताना बोलायचो, चला, वाढवूया. तो शब्द तोंडातून काढायचा नव्हता मला." मग त्यांनी माझ्याकडे नाही, जेफ्रीकडे बघितलं आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, "लिव साहेब. बंद. बंद केलां."

हे भाषांतर मला करावं लागलं नाही. 'बंद' जेफ्रीला कळत होता. बाजारात इतके दिवस ऐकलेला. त्याने मान खाली घातली. माझ्या एका बोटाच्या आळसापायी त्या म्हाताऱ्याला तो शब्द उच्चारावा लागला, हे मी आजही विसरू शकत नाही, आणि विसरावं असं मला वाटतही नाही.

जेफ्रीने फिल्म मागे घेतली. मोठ्या ठिकाणची ती संधी गेली. त्याने शेवट सगळा नव्याने जोडला, त्यात त्याचे कितीतरी महिने गेले आणि ती नंतर कुठेकुठे लहानशा हॉलमध्ये दाखवली गेली. माझ्यावर तो रागावला का, ते मला आजतागायत माहीत नाही. त्याची पत्रं येत राहिली, थोडी, सभ्य. त्याने मला परत कधी काही तपासायला दिलं नाही. द्यायला काही नव्हतंही म्हणा, ती शेवटचीच फिल्म होती. पण मला ते लागायचं. चाचा गावी गेले. खाडीकडेला बसतात, गुडघ्यांना तेल लावतात, मला व्हॉइस मेसेज पाठवतात, बाय, पापलेट लय महाग झाला.

परवा बिदियाहून घरी आलो. जेवणं झाली, दुपारची वेळ, गार्गी लॅपटॉप घेऊन बसली होती. माझा मेल तिच्याकडेच उघडलेला असतो. ती म्हणाली, "आई, जेफ्रीचं काहीतरी आलंय. तू वाच."

डोळे गेलेत, त्याने लिहिलं होतं. एका डोळ्याने जेमतेम दिसतं. संकलनाची खोली रिकामी केली, कॅमेरा देऊन टाकला, सगळ्या शांतता एका संग्रहालयाने घेतल्या. एक तुझ्यासाठी ठेवली, ती सोबत जोडली आहे. आणि खाली, इंग्रजी अक्षरांत, दोन शब्द: दुकान वाढवलां. चाचा म्हणाले होते तसंच, त्यांच्याच हेलात. पुढे लिहिलं होतं: मी हे बरोबर लिहिलंय का? तपासशील?

मला पुढचं दिसेना. गार्गीने माझ्या खांद्यावरून वाचलं.

"आई," ती म्हणाली, "बंद केलं ना गं त्यांनी?"

मी मान हलवली. तिने जोडलेली ती फाइल लावली. पंखा. लांब हातगाडीचं चाक. छतापर्यंत रचलेली पोती त्या आवाजात कशी काय होती कोण जाणे, पण होती. मिनिट संपता संपता, टक. गार्गीने माझा हात धरला होता.

मग मी चाचांना फोन लावला. गावात रेंज नसते, तिसऱ्यांदा लागला. मी ते दोन शब्द त्यांना वाचून दाखवले, साहेबांनी लिहिलेत तसे, एकेक अक्षर, आणि विचारलं, बरोबर आहे का? पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"साहेबाने पन वाढवलां?" ते म्हणाले. "बरोबर हाय गो बाय. असाच बोलायचा. सांग त्याला."

मेल परत उघडला. त्याचे शब्द पुन्हा एकदा वाचले, शेवटच्या अक्षरावर बोट ठेवून. मग गार्गीला वाचायला लावले. आणि मग दोन्ही हातांनी, सावकाश, उत्तर लिहिलं.

तपासलं. बरोबर आहे.